बापाचा पट्टा

मिस्त्रींच्या कारखान्यात 'वाकडं' हा शब्द उच्चारायला बंदी होती. कुणाच्या तोंडून तो निघाला की कोपऱ्यातला खराटा त्याच्या हातात यायचा आणि प्लॅस्टरच्या चुऱ्यानं पांढरी झालेली सगळी फरशी त्याला झाडावी लागायची. मग तो आमदाराचा मेहुणा असो, नाहीतर एखाद्या पोराची सत्तर वर्षांची आजी असो. आजीला फार तर बसून झाडायची सवलत मिळे.

मी ती फरशी पहिल्याच दिवशी तीनदा झाडली.

"आमच्या मुलीचा कणा जरा वाकडा आहे," असं म्हणालो, तो पहिला खराटा. झाडून झाल्यावर, "माफ करा हं, वाकडा म्हणायचं नसतं हे ठाऊक नव्हतं," असं म्हणालो, तो दुसरा. तिसऱ्या वेळी मी बायकोकडं बघून नुसतं पुटपुटलो होतो, पण मिस्त्रींचे कान तिखट. माझी मुलगी मनू तेव्हा बारा वर्षांची होती. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवल्यापासून ती घरात हसली नव्हती. बापाला तिसऱ्यांदा खराटा मारताना बघून मात्र पोट धरून हसली. माझ्या हातून तिच्यासाठी झालेलं ते बहुधा शेवटचं चांगलं काम.

"मग म्हणायचं तरी काय?" मी कंबर धरत विचारलं.

"कल म्हनायचं," मिस्त्री म्हणाले. "झाडाला कल असतोय, भितीला असतोय, मानसाच्या मनालाबी असतोय. कल हाय म्हटलं की कुटंतरी निगालंय असं वाटतंय. तुमच्या त्या शब्दानं पोर हाय तितंच मरतंय."

उद्यमनगरात एका फौंड्रीच्या मागं पत्र्याची लांबट शेड होती, तोच त्यांचा कारखाना. मूळचे ते पॅटर्न मेकर. फौंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारे. उमेदीची वर्षं त्यात गेली. पुढं एका हाडांच्या डॉक्टरांनी त्यांची बोटं ओळखली, एका तंत्रज्ञाच्या हाताखाली वर्षभर शिकायला घातलं आणि पाठीच्या पट्ट्यांचं काम त्यांच्याकडं दिलं. दाब कुठं हवा ते डॉक्टर कागदावर लिहून देत, पट्टा मिस्त्री करत आणि तो घालून परत एक्स-रे काढला की डॉक्टर मान हलवत. माणूस उंच, काटकुळा, कानावर कायम जांभळी कॉपिंग पेन्सिल. आवाज मात्र तालमीतला. दोन शेड पलीकडची माणसं त्यांच्या शिव्या ऐकून आपली घड्याळं लावत म्हणे.

त्यांच्या हाताखाली एक बाई काम करायच्या. पट्ट्याला आतून मऊ अस्तर चिकटवायचं, बंद शिवायचे, हे काम त्यांचं. पन्नाशीच्या आसपासच्या. मिस्त्रींच्या कन्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे. ताईंचा उजवा खांदा वर होता आणि पाठीला मागून फुगवटा. तो सगळ्यांना दिसायचा आणि सगळेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचे. मीही ते कॅलेंडर बरंच पाठ केलं.

मनूच्या पाठीचं आम्हाला कळलं ते शिंपिणीमुळं, म्हणजे शिंपिणीशी भांडल्यामुळं. शाळेचा नवा स्कर्ट एका बाजूनं दोन बोटं वर. मी तो परत नेला. बाईंनी उसवून दुरुस्त केला, तरी वरच. दुसऱ्यांदा मी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, कोल्हापुरात कापायला आता कुणाला येत नाही असं भाषण केलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "पावणं, स्कर्ट टेबलावर पसरा. दोन्ही कडा सारख्या आहेत. पोरीला एकदा डॉक्टरांना दाखवा."

मी डॉक्टरांना दाखवलं नाही. मी शहाणा. मी तिला तालमीतल्या एका वस्तादांकडं नेलं. त्यांनी तिला बारला लोंबकळायला सांगितलं आणि रोज तेलाची मालीश. कुणीतरी आजऱ्याहून काजूच्या सालीचं काळं तेल आणून दिलं, त्यानं पोरीच्या पाठीवर फोड आले. या सगळ्यात सहा महिने गेले. पोर त्या सहा महिन्यांत तीन बोटं उंच झाली आणि आम्ही दाराच्या चौकटीवर कौतुकानं रेघा मारत बसलो.

शेवटी गेलो तेव्हा डॉक्टरांनी तिला पुढं ओणवं व्हायला सांगितलं, पाठीवर एका बाजूला बोटभर टेकाड दिसलं, एक्स-रे काढला. मग आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाले, "बाक पंचवीस अंशांच्या आत असता तर नुसतं लक्ष ठेवलं असतं. पन्नासच्या घरात गेला असता तर ऑपरेशनच सांगितलं असतं. हिचा चौतीस आहे आणि वाढ अजून बाकी आहे. वाढ संपेपर्यंत, म्हणजे दोनेक वर्षं, पट्टा. रोज बावीस-तेवीस तास. आंघोळ आणि व्यायामापुरता काढायचा. पट्टा कणा सरळ करत नाही हं, आहे तिथं थांबवायचा प्रयत्न करतो. घातला तर."

"घातला तर" हे दोन शब्द त्यांनी माझ्याकडं बघून का म्हटले, ते मला तेव्हा कळलं नाही.

माप द्यायला आम्ही मनूला सकाळी उपाशीपोटी नेलं, रक्त तपासायला नेतात तसं. तिथं आलेल्या आणखी दोन आयांनीही आपापली पोरं उपाशीच आणली होती. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला.

"अवो, हितं काय सत्यनारायन हाय व्हय? जावा, खाऊन या. रिकाम्या पोटाचं माप घेतलं तर जेवल्यावर पट्टा चावतोय, मग पोर जेवायचं सोडतंय. कोपऱ्यावर मिसळ हाय. दोन पाव खा म्हनावं. कट पायजे तेवढा घ्या, माझं नाव सांगू नका, त्यो माज्यावर चिडून हाय."

मिसळ खाऊन तोंड लाल झालेल्या मनूच्या अंगात सुती नळी घालून त्यांनी ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. ते सगळं बोलणं पोराशीच करत. आईबापांनी समोरच्या लाकडी बाकावर पाठ न टेकता बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम. प्लॅस्टर वाळेपर्यंत त्यांनी मनूला आपली विद्या सांगितली.

"फौंड्रीत आमी नमुना करतो न्हवं, तवा त्याला अलाउन्स सोडावा लागतोय. लोखंड निवताना आकसतंय. जागा सोडली न्हाई तर जॉब वाया. तुजंबी तसंच. हितं डाव्या अंगाला मी दाब देनार. पन मग उजव्या अंगाला पट्ट्यात मोकळी जागा सोडनार. दाबलेलं अंग जानार कुटं? एका बाजूनं दाब दिला की दुसऱ्या बाजूला जागा द्याय पायजे. नुसतं दाबलं तर पोर मोडतंय." आणि मग बाकाकडं न बघता, "हे आईबापास्नी कळत न्हाई," असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर प्लॅस्टरचा हात पुसला.

आठवड्यानं पट्टा तयार झाला. पांढऱ्या जाड प्लॅस्टिकचा, काखेपासून कमरेपर्यंतचा, मागून तीन बंद. मनूनं त्यावर काय चित्र काढायचं ते आधीच ठरवून ठेवलं होतं. पण मिस्त्रींनी तो दिला नाही. त्यांनी दाराजवळच्या खिळ्यावरून एक भलामोठा, पिवळा पडलेला पट्टा काढला आणि माझ्यापुढं धरला.

"आदी तुमी. एक दिवस, एक रात. परवा परत आना. मग पोरीचा न्या."

तो बापाचा पट्टा. त्यांच्याकडं येणाऱ्या प्रत्येक बापाला तो घालावा लागे. बारीक बापाला आतून टॉवेल भरत, जाड्या बापाला बंद लांबवत.

बायको म्हणाली, "मिस्त्री, मला द्या ना. मी घालते दोन दिवस."

"तुमाला नको. तुमी पोरीच्या अंगावरचा काढनार न्हाईसा. जो काढंल, त्यालाच घालाय लावायचा असतोय."

मला राग आला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. पाटबंधारे खात्यात वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कुणी आदेश दिला तर तो लेखी लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता घरात पट्टा चढवण्याचा समारंभ झाला. मनूनं स्वतः बंद ओढले. "श्वास सोडा बाबा, मग जागा होते," असं मिस्त्रींच्या सुरात म्हणाली. वर शर्ट घातल्यावर मी उभ्या पिंपासारखा दिसत होतो. तिनं माझ्या पोटावर टकटक केलं आणि आतून कुणी आहे का विचारलं. माझा त्या दिवशी नेमका मलकापूरला दौरा होता आणि रात्रीचा मुक्काम तिथंच, माझ्या थोरल्या बहिणीकडं. एसटीच्या बाकावर मी असा बसलो की वाहकानं दोनदा विचारलं, "ऑपरेशन झालंय काय वो?" घाम, खाज, काखेत कड रुतत होती. तरी मी घातला होता. खरंच घातला होता.

मलकापूरला उतरलो आणि आक्काचं घर डोळ्यांपुढं आलं. आक्का विचारणार, हे काय? मग मनूचं सांगावं लागणार. आक्काला सांगितलं की मलकापूरला कळलं, मलकापूरला कळलं की सगळ्या पाव्हण्यांत. पोरीची जात, उद्या लग्नाचं बघायचं. हा सगळा विचार मी, बारा वर्षांच्या पोरीचा बाप, स्टँडच्या मुतारीमागं उभा राहून करत होतो. तिथंच पट्टा काढला आणि दौऱ्याच्या पिशवीत कोंबला. तेव्हा अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी घराच्या कोपऱ्यावर येऊन पुन्हा चढवला.

"किती तास?" मिस्त्रींनी विचारलं.

"तेवीस," मी म्हणालो. "एक तास आंघोळीला."

त्यांनी पट्टा घेतला, आतल्या अस्तरावर तळहात ठेवला, जरा वेळ ठेवलाच, आणि "बरं," म्हणाले. कानावरची पेन्सिल काढून आत पाठमोरे गेले. मनूचा पट्टा आम्हाला मिळाला.

पहिले दोन महिने मनूनं तो अंगावेगळा केला नाही. तिनं त्याच्या पोटावर पंचगंगेचा घाट काढला, पाठीवर एक म्हैस. शाळेत तिची चालती भिंत झाली, मैत्रिणी त्यावर सह्या करायच्या. लाज म्हणून जी गोष्ट असते ती तिच्याकडं नव्हतीच. ती तिला मी शिकवली.

आमचं घर राजारामपुरीत, देवळाला आणि स्टँडला दोन्हीला सोयीचं. त्यामुळं कोल्हापूरला आलेला प्रत्येक पाहुणा आमच्याकडं चहाला येतोच. पहिल्यांदा आक्काच आली. जिन्यात तिचा आवाज ऐकला आणि मी मनूला आत ढकलून म्हणालो, "काढ, काढ. दिवाणात टाक. दोन तासांचा तर प्रश्न आहे." बायको म्हणाली, "अहो, राहू दे की." मी डोळे वटारले. मग ते दोन तास कधी परत आक्काचे झाले, कधी साडूचे, कधी शेजारच्यांच्या भिशीचे. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेली मंडळी नऊ दिवस राहिली. नऊ दिवस पट्टा दिवाणात, गाद्यांच्या खाली, आणि वर पाहुणे झोपलेले. हाक मारायचीही गरज उरली नव्हती. बेल वाजली की मनू आपण होऊन आत जायची. पुढं पुढं बेल न वाजताही तो निघायला लागला. मग शाळेतही जाईनासा झाला.

आणि मी तिला रागवायचो. हे लिहायला पाहिजे. पाहुणे गेले, की मीच विचारायचो, "अजून का नाही घातलास?" ती म्हणायची, "बाबा, दुखतं. रात्री जमत नाही." तेव्हा मी म्हणायचो, "मी एवढा मोठा माणूस, तेवीस तास घातला. एका शब्दानं बोललो नाही. तुला काय धाड भरली?"

एकदा नाही, कितीतरी वेळा म्हणालो. ती खाली मान घालायची.

तपासणीला गेलो तेव्हा मिस्त्रींनी तिला उभं केलं. मानेच्या मण्यापाशी पितळी ओळंबा धरला. गवंडी भिंतीला लावतात तोच. दोरी कमरेच्या मध्यावर यायला हवी होती, ती बाजूला पडली. मग त्यांनी पट्टा हातात घेऊन बंदांवरून बोट फिरवलं. म्हणाले, "पट्टा नवा हाय की."

ताईंचं शिवणयंत्र थांबलं.

"ती घालत नाही," मी म्हणालो. "सांगून थकलो." मग मनूकडं वळलो, "मी स्वतः तेवीस तास घातलाय, विचार मिस्त्रींना! घातला होता का नव्हता, मिस्त्री?"

मनूनं माझ्याकडं बघितलं. दिवाणाचं, आत्याचं, नवरात्राचं, काहीसुद्धा ती बोलली नाही. मग तिनं मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्री माझ्याकडं बघत होते. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज खाली आला.

"व्हय," ते म्हणाले. "घातलाता."

मनूला त्यांनी ताईंबरोबर मिसळ खायला पाठवलं. ती दिसेनाशी झाल्यावर खिळ्यावरचा पट्टा काढून माझ्यापुढं धरला. "न्या. परत एक दिवस. या बारीला घरातच घाला. पावनं बोलवा चार, आन् त्येंच्या म्होरं घाला."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तुम्ही डॉक्टर आहात की फौंड्रीतले मिस्त्री? मला वेळ नाही." त्यावर ते चिडले नाहीत. पट्टा खिळ्याला परत लावला, दोनदा हलवून तो नीट बसलाय ना ते बघितलं, आणि खराटा घेऊन स्वतःच फरशी झाडायला लागले.

पुढचा एक्स-रे एक्कावन्न अंशांचा होता.

ऑपरेशन मिरजेला झालं. कण्याच्या दोन्ही अंगांना कायमच्या सळ्या, स्क्रू, सहा तास. डॉक्टर चांगले होते, सगळं नीट पार पडलं. मी त्यांना एकदा एकटं गाठून विचारलं, की पट्टा पूर्ण वेळ घातला असता तर? ते म्हणाले, "बहुतेकांचं थांबतं. काहींचं पूर्ण घालूनही थांबत नाही. तुमच्या मुलीचं काय झालं असतं, ते कुणीच सांगू शकणार नाही." त्यांना वाटलं, ते मला धीर देताहेत.

चौथ्या दिवशी मनूला पहिल्यांदा उभं केलं, तेव्हा दारात मिस्त्री उभे. धुतलेला सदरा, हातात पिशवी. कोल्हापूरहून एसटीनं आले होते. कुणाला काही न विचारता ते तिच्या मागं गेले, पिशवीतून ओळंबा काढला आणि मानेपाशी धरला. दोरी हलत राहिली. आम्ही सगळे ती थांबायची वाट बघत होतो, नर्ससुद्धा. दोरी थांबली, सरळ, बरोबर मध्यावर.

"बरोब्बर हाय, पोरी," ते म्हणाले. मग दोरी बोटाला गुंडाळत राहिले, गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिले. "वाकडं काम झालं गं माज्याकडनं."

तो शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढा एकदाच ऐकला.

त्यानंतर बारा वर्षं मी उद्यमनगरच्या त्या गल्लीत गेलो नाही. स्कूटरचं काम निघालं तर लांबचा मेकॅनिक धरला.

गेल्या महिन्यात ताईंचा फोन आला. आण्णा, म्हणजे मिस्त्री, गेले. शेड रिकामी करायची आहे, पोरांचे जुने पट्टे पडलेत, ज्याला आपला हवा त्यानं न्यावा. मी म्हणालो, "आमचा आमच्याकडंच आहे." दिवाणातच आहे, अजून. ताई म्हणाल्या, "तरी या. मनूला आणा."

मनू आता पंचवीस वर्षांची आहे. इचलकरंजीला एका कापडाच्या कंपनीत डिझाइन करते, रोज जा-ये करते. पाठ ताठ, चालणं झोकदार. अनोळखी माणसाला वाटतं, पोरीला भारी गर्व आहे. काल शनिवारी सुट्टी होती म्हणून आम्ही गेलो. शेडमध्ये भिंतभर पट्टे टांगलेले. कुणावर फुलपाखरं, कुणावर मोटारगाड्या. वाढ संपल्यावर पोरं आणून देत, तसे लावलेले. ताई एकट्याच खोक्यांत सामान भरत होत्या. केस पांढरे, खांदा आणखी वर. या वेळी मी कॅलेंडरकडं बघितलं नाही. बघायला ते उरलंही नव्हतं.

दाराजवळच्या खिळ्यावर बापाचा पट्टा होता. मनूनं तो हसत काढला. "बाबा, आठवतंय?" तिनं तो उघडला, आत बघितलं आणि खिडकीपाशी उजेडात नेला.

"यात काहीतरी लिहिलंय."

आतल्या बाजूला, अस्तराच्या कडेनं, प्लॅस्टिकवर जांभळ्या पेन्सिलीनं बारीक अक्षरांत यादी होती. नावं नव्हती. मनू मोठ्यानं वाचायला लागली. "शाळामास्तर, सहा. टेंपोवाला, अकरा. मिलिट्री, नऊ. डॉक्टर, दोन." ती हसली. "हमाल, मार्केट यार्ड, तेवीस. हे बघा, एकानं घातलाय. कापडदुकान, तीन. पाटबंधारे..."

ती थांबली.

"पाटबंधारे, चार," तिनं वाचलं. "बाबा, पाटबंधारे म्हणजे तुम्हीच ना?"

ताई खोक्याला दोरी बांधता बांधता म्हणाल्या, "आण्णा अस्तरावर हात ठेवून किती तास ते ओळखायचे. कधी चुकले नाहीत. तोंडावर कुणाला बोलायचे नाहीत, फक्त लिहून ठेवायचे." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "एकदा बोलाय पायजे होतं, म्हणायचे. त्या पोरीसमोर मी खोटं बोललो, म्हणायचे. जाईपर्यंत म्हणत होते."

मनू यादीच्या वरच्या टोकाकडं बघत होती. तिथं पहिली ओळ होती: 'मी, एक.'

"हा आण्णांच्याच अंगाचा पट्टा," ताई म्हणाल्या. "माझा केला तवा मी रडायला लागले. म्हणून त्यांनी स्वतःच्या मापाचा एक केला. म्हणाले, चल, दोघं घालू. तासाभरात त्यांनी काढला. मग मीबी काढला. मग कुणीच परत घातला नाही."

मनू पट्टा हातात धरून उभी होती. मला वाटलं ती रडेल, नाहीतर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चारच?" ती म्हणाली.

"चारच. मलकापूरच्या स्टँडवर काढला. आक्काला कळू नये म्हणून."

"मला वाटायचं," ती हळू म्हणाली, "बाबांना जमतं आणि मलाच जमत नाही. मी रात्री घालायचे परत, तुम्ही झोपल्यावर. दुखायला लागलं की म्हणायचे, बाबांना पण दुखलं असेल. मग काढावाच लागायचा. आणि मग मला माझाच राग यायचा. अजून येतो."

माफी मागायची तर कुठल्या तोंडानं, आणि बारा वर्षांनी ती ठेवायची कुठं? मी शर्टाची बटणं काढली आणि हात वर करून तिच्याकडं पाठ केली.

तिला समजायला क्षणभर लागलं. मग तिनं पट्टा माझ्या अंगाभोवती उघडला. माझं पोट मधल्या काळात पाटबंधाऱ्याच्या खर्चानं चांगलंच सुटलं आहे, बंद काही केल्या पोचेनात. ताईंनी लांबवलेले बंद आणून लावले. "श्वास सोडा," मनू म्हणाली, आणि ओढलं.

कालची सकाळ ती. अकरा वाजले होते.

स्कूटर चालवायला जमलं नाही, मनूनं चालवली. राजारामपुरीत सगळ्या गल्लीनं बघितलं. रात्री झोप आली नाही. डाव्या कुशीवर कड रुतते, उजव्या कुशीवर बंदाचं बक्कल. बारा वर्षांची पोर यात झोपायची, आणि मी तिला धाड भरली का म्हणून विचारायचो.

आज सकाळी आक्का आली. तिच्या येण्याला कारण लागत नाही. मी खुर्चीत पिंपासारखा बसलेला. "हे रं काय घातलंईस? आनि उकडाय लागलंय केवढं! काढ की ते, मानसं येत्यात-जात्यात."

"पट्टा आहे, आक्का. मनूला होता ना, तसला," मी म्हणालो. "तू यायचीस तेव्हा तो मी दिवाणात टाकायला लावायचो."

आक्का माझ्याकडं बघत राहिली. मग मनूकडं. पदरानं तोंड पुसलं आणि सरळ होऊन बसली.

आता दहाला पाच मिनिटं कमी आहेत. तेवीस तास व्हायला आलेत. यानं काहीही दुरुस्त होत नाही, हे मला कळतं. यादी लिहिणारा माणूस गेला, पेन्सिल कुठल्या खोक्यात गेली कोण जाणे. टेबलाशी बसून हे लिहीत होतो, तेवढ्यात पेन हातातून निसटून खाली पडलं. मी उचलायला गेलो. पट्ट्यात वाकता येत नाही, दोनदा प्रयत्न केला, मग नुसता बघत बसलो.

मनू आतून आली. तिनं दोन्ही गुडघे मोडले, पाठ तशीच ताठ ठेवून खाली बसली, पेन उचललं आणि माझ्या हातात दिलं. तिला गेली बारा वर्षं तसंच उचलावं लागतं.